फी नव्हती, कर्ज होते

बी.ए. झाल्यावर दोन वर्षे स्पर्धा परीक्षांत गेली. पुण्याजवळच्या चाकण-भोसरीकडे सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणारे यंत्र) ऑपरेटरला लगेच काम मिळते असे ऐकून मी भोसरीतील एका प्रशिक्षण केंद्रात चौकशीला गेलो. फलकावर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचे नाव आणि शंभर टक्के नोकरीची हमी होती. 2015 पासून सुरू असलेल्या या योजनेत उमेदवाराला फी पडत नाही, हे मला ठाऊक होते व मी तसे विचारलेही. त्यावर समुपदेशक बाईंनी ‘मोफत बॅच भरली, ही खासगी आहे, प्रमाणपत्र मात्र तेच’ असे सांगितले. खरे तर तिथेच उठायला हवे होते.

फी 42,000 रुपये होती. ‘हप्त्यांची सोय आहे’ असे म्हणत त्यांनी माझे आधार व पॅन कार्ड घेतले, माझ्याच मोबाइलवर एक ॲप उतरवले आणि तीनदा आलेला ओटीपी मी त्यांना एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला. एका वित्त कंपनीने माझ्या नावावर कर्ज मंजूर करून सगळी रक्कम परस्पर केंद्राला दिली, हे दुसऱ्या महिन्यात खात्यातून 3,500 रुपये कापले गेल्यावर समजले.

सहा आठवडे आम्ही फळ्यावरचे जी आणि एम कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा, वहीत उतरवून घेतले. हॉलमध्ये लेथ मशीन होते, पण त्याच्या केबलला प्लगच नव्हता आणि काम पकडणाऱ्या गंजलेल्या चकवर मुले जेवणाचे डबे ठेवत. मुलाखतीत सुपरवायझरने मायक्रोमीटर हातात देऊन माप विचारले, तेव्हा मला ते वाचता आले नाही. शेवटी नोकरी मिळाली ती ठेकेदाराकडे, पॅकिंगमध्ये हेल्परची. नंतर केंद्राला कुलूप लागले. वित्त कंपनी म्हणते, केंद्राशी तुमचा वाद वेगळा, कर्ज तुमचेच. हप्ता चुकवावा तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, बिघडतो.

अशा ठिकाणी जाणाऱ्यांनी केंद्राचे नाव स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर आधी शोधावे, मशीन चालू करून दाखवायला सांगावे आणि ‘हप्ता’ हा शब्द आला की कर्ज कोणाच्या नावावर आहे ते विचारून, कर्जाचे तथ्यपत्रक (व्याज, हप्ते, एकूण खर्च लिहिलेला कागद) हाती पडेपर्यंत होकार देऊ नये; ओटीपी तर कोणालाही कधीच सांगू नये. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर मी तक्रार केली आहे. चार हप्ते अजून बाकी आहेत.