मुलग्यांची कॅथलिक शाळा: नऊ महिन्यांनंतर

शाळेचा 'वापरानंतरचा अनुभव' लिहायचा म्हणजे जरा विचित्रच. शाळा काही मिक्सर नव्हे. पण प्रवेशाआधी मी स्वतः असंच काहीतरी शोधत होते. मिळत होतं ते एकतर माजी विद्यार्थ्यांचं गहिवरून लिहिलेलं, नाहीतर एका ओळीत ओकलेला राग. म्हणून हे. लेक तेरा वर्षांचा. आम्ही ख्रिस्ती नाही. शाळा उपनगरातली, फक्त मुलग्यांची, एके काळी ब्रदर मंडळींनी काढलेली. नाव मुद्दाम देत नाही.

पहिले तीन महिने मी सगळ्यांनाच 'फादर' म्हणत होते. ब्रदर म्हणजे फादर नव्हे. ते अविवाहित, व्रतस्थ, पण धर्मगुरू नाहीत. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करणं त्यांचं काम नाही, शिकवणं हेच त्यांचं काम. हे कळलं तेव्हा शाळेतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. अशा ब्रदरांच्या शाळांचं मूळ फ्रान्समधल्या रेम्सला. जाँ-बातिस्त द ला साल हे तिथल्या कॅथेड्रलमधले मानाचे धर्माधिकारी, खात्यापित्या घरचे. १६७९ मध्ये गरीब मुलांच्या शाळांना हातभार लावायला गेले आणि त्यातच अडकले. पुढे शिक्षकांबरोबरच राहू लागले आणि पदही सोडलं.

त्या काळी मास्तर एकेका पोराला जवळ बोलावून धडा घेत आणि बाकीची पोरं तोवर दंगा करत. अख्ख्या वर्गाला एकदम शिकवायची पद्धत ला साल यांच्या शाळांनी रुळवली. दुसरी गोष्ट मला जास्त भिडली. वाचायला लॅटिनमधून शिकवायची रीत होती. यांनी सुरुवात फ्रेंचपासून केली. जी भाषा पोरगं घरी बोलतं, तीच आधी. ब्रदरांना तर लॅटिन शिकवायलाच मनाई होती. मातृभाषेवरून तावातावाने भांडणारी मी हे वाचून खूश झाले आणि मग आठवलं, आपण लेकाला घातलंय ते इंग्रजी माध्यमात. असो.

आता रोजचं. इथलं शांततेचं वेड आधी खटकलं. शिक्षक ओरडत नाहीत, नुसता हात वर करतात आणि चाळीस पोरं गप्प होतात. मला लष्करी वाटलं. नंतर समजलं की ही खोड तीनशे वर्षांची आहे. १७२० मध्ये छापलेल्या ला साल यांच्या शाळा-नियमावलीत मास्तरांनी शक्य तितकं कमी बोलावं आणि खुणांनी काम चालवावं, असंच सांगितलंय. त्यासाठी हातात एक छोटं लाकडी साधन असे, टक् वाजवायचं. लेकाला हे सांगितलं तर म्हणाला, "आई, हात बरा."

शाळेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मधली सुट्टी. शिक्षक स्टाफरूममध्ये चहा पीत बसत नाहीत, मैदानात पोरांमध्ये असतात. पहारा देत नाहीत, खेळतात, गप्पा मारतात. ही रीत मात्र ब्रदरांची नव्हे, इटलीतल्या तूरिनचे धर्मगुरू डॉन बॉस्को यांच्या परंपरेतली, हे एका सरांनी आवर्जून सांगितलं. चूक झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चूक होण्याआधी मुलाच्या जवळ असावं, असं त्यांचं म्हणणं; १८७७ मध्ये त्यांनी ते लिहूनही ठेवलं. माझा मुलगा बुजरा. पहिल्या महिन्यात तो एकटा बसतो हे आमच्या आधी गणिताच्या सरांना कळलं, ते याच सवयीमुळे.

हाऊसचं प्रकरण मात्र डोक्यात जातं. चार रंग, चार गट, आणि प्रत्येक गोष्टीला गुण. वही नीटनेटकी ठेवली, गुण. धावण्यात शेवटचा आला, हाऊसची मान खाली. चढाओढ ही कॅथलिक शाळांतली जुनी गोष्ट आहे. जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने, १५४८ मध्ये इटलीतल्या मेसिनाला शाळा काढली आणि १५९९ मध्ये त्यांचा शिक्षणक्रम ठरला. त्यांच्या वर्गांत रोमन आणि त्यांचे जुने शत्रू कार्थेजवाले असे दोन तट पाडून पोरांना एकमेकांविरुद्ध लढवत. परंपरा असेल, पण शुक्रवारच्या गुणफलकाच्या धास्तीने गुरुवारी रात्री न झोपणारं पोर माझ्या घरी आहे. दोनदा लिहून कळवलं. उत्तर गोड आलं, बदल शून्य.

फक्त मुलगे असण्याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. फुटबॉलवाली पोरं गायनवृंदात बिनधास्त गातात, 'हे मुलींचं काम' म्हणायला कुणी नाही. दुसरीकडे त्यांच्या ग्रुपवर मुलींविषयी जी भाषा चालते ती एकदा वाचली आणि दिवसभर जेवण गेलं नाही. त्याला शाळा किती जबाबदार आणि आपण किती?

राहता राहिला इतिहास. शाळेच्या लांब ओसरीत काळ्या झग्यातल्या ब्रदरांचे फोटो ओळीने लावलेत. आजूबाजूला घरं नव्हती तेव्हापासूनचे. १९६०च्या दशकानंतर जगभरच नवे ब्रदर मिळेनासे झाले, तसे इथेही झग्यांच्या जागी शर्ट आले. आता एकही ब्रदर वर्गावर नाही. हे सगळं भिंतीवर आहे. नाही ती छडी. आणि नाही ते त्याहून भयंकर. आयर्लंडच्या चौकशी आयोगाचा २००९ मधला अहवाल, ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनचा, म्हणजे तिथल्या सरकारी चौकशी आयोगाचा, २०१७ मधला अहवाल: धार्मिक संघांच्या संस्थांत मुलांवर काय काय झालं आणि किती वर्षं दाबून ठेवलं गेलं, हे आता सगळ्यांसमोर आहे. या शाळेत असं काही घडल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. तरी प्रवेशाच्या दिवशी मी विचारलं, एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत असू शकतं का, तक्रार कुणाकडे करायची. समोरच्या बाई क्षणभर गडबडल्या. मग त्यांनी छापील नियमावली शोधून दिली, आणि ती चांगली निघाली: दारांना काचा, तक्रारीसाठी शाळेबाहेरची व्यक्ती. मग ती मागितल्यावरच का मिळते? प्रार्थनांचं पत्रक तर न मागता दिलं होतं.

प्रार्थनेचं म्हणाल तर, रोज सकाळी असते, आमचा शांत उभा राहतो, कुणी जबरदस्ती करत नाही. त्यावर लिहिण्यासारखं एवढंच.

पुढच्या वर्षाचा फॉर्म भरून टेबलावर ठेवलाय. 'सूचना' या रकान्यात हाऊसच्या गुणांबद्दल तिसऱ्यांदा लिहिलं, खाली नियमावली प्रत्येक पालकाच्या हातात द्या असंही लिहिलं. जागा कमी पडली, मागच्या बाजूला गेले.