21 ग्रॅमची काडतुसं, आठ महिने आणि न उडणारी दुसरी नळी

क्लेच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्यांच्या, नेमबाजीचा सराव चालला होता. पहिला बार चुकला. दुसऱ्यासाठी चाप ओढला तर काहीच नाही. घोडा पडल्याचा 'टक्' असा आवाजसुद्धा नाही, चाप नुसता ढिला. काडतूस फुसकं निघालं असेल असं समजून नळीचं तोंड मैदानाकडेच ठेवलं, तीस सेकंद थांबले आणि बंदूक उघडली. वरच्या नळीतलं काडतूस अगदी कोरं होतं. बुडाच्या टोपीवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या भागावर, तिच्यावर आपटणाऱ्या पिनची खूणही नव्हती. पुढचे तीन महिने मी या कोऱ्या टोपीमागे घालवले.

ही 21 ग्रॅमची, म्हणजे तेवढ्या वजनाचे छर्रे असलेली हलकी काडतुसं का घेतली ते आधी सांगते. माझी बंदूक बारा बोअरची दुनळी, ओव्हर-अंडर (एकीवर एक नळी), वजन साडेतीन किलो. 28 ग्रॅमची शंभर काडतुसं उडवली की संध्याकाळी हात डोक्यावर नेता येत नसे. त्याहून वाईट म्हणजे चाप ओढायच्या आधीच डोळा मिटायला लागला होता. धक्क्याचा हिशेब सोपा आहे: छर्रे, वॅड (दारू आणि छऱ्यांमधलं बूच) आणि दारूचा वायू ज्या जोराने पुढे जातात, तेवढ्याच जोराने बंदूक मागे येते. माझ्या बंदुकीसाठी तो मांडला तेव्हा सेकंदाला 400 मीटर वेगाच्या 28 ग्रॅमला साधारण 24 जूल आले, त्याच वेगाच्या 24 ग्रॅमला 18 आणि 370 मीटर वेगाच्या 21 ग्रॅमला 12. म्हणजे थेट निम्मा. आकडा बघितला आणि 21 ग्रॅमचा मोठा साठाच घेऊन टाकला.

पहिले दोन महिने फार सुखाचे गेले. शंभर बारांनंतरही खांदा शाबूत, डोळा उघडा. चुकलेला क्ले नेमका कुठे चुकला हे दिसायला लागलं, कारण बारानंतर बंदूक गालावरून उडत नव्हती. छर्रे कमी असल्याची धास्ती होती. 2.4 मिलिमीटरचे छर्रे 28 ग्रॅममध्ये साधारण 350 बसतात, 21 ग्रॅममध्ये 260. जवळच्या क्लेला काही फरक पडला नाही. लांबच्या क्लेला पडतो. कागदावर 75 सेंटिमीटरचं वर्तुळ काढून छर्रे मोजले तर क्ले सुटून जाईल एवढ्या मोकळ्या जागा सापडल्या. चोक (नळीच्या तोंडाचा अरुंदपणा) एक पायरी घट्ट केला, पुष्कळसं भागलं.

त्याच सुखात आणखी थोडं सुख हवं म्हणून मी दस्त्यात वजन भरलं. बंदूक 3.8 किलो झाली, धक्का आणखी उतरला. आणि दुसरी नळी बंद पडायला लागली. आधी दिवसातून एकदा, मग चार-पाचदा.

बंदूक सर्व्हिसला दिली. तिथलं उत्तर: 'काडतुसाच्या टोप्या कडक आहेत, ब्रँड बदला.' मी न उडालेली सात काडतुसं टेबलावर मांडली. टोपी कडक असती तर तिच्यावर निदान खड्डा तरी पडला असता ना? खड्डाच नाही, म्हणजे पिन टोपीपर्यंत पोचलीच नाही. त्यांनी साफसफाई केली, तेलपाणी केलं, बिल लावलं, बंदूक परत दिली. दुसऱ्या दिवशी तेच. पुन्हा गेले. पुन्हा साफसफाई, पुन्हा बिल. चापाची यंत्रणा कोणत्या प्रकारची आहे हा एक प्रश्न तिथे कोणी विचारला असता तर दोन्ही बिलं वाचली असती. याचा राग अजून गेलेला नाही.

उत्तर रेंजवरच्या एका जुन्या नेमबाजांनी एका वाक्यात दिलं: 'अहो, तुमचा चाप इनर्शियाचा आहे, त्याला धक्का लागतो.' बऱ्याच एकचापी दुनळींमध्ये पहिल्या बाराच्या धक्क्याने आतला एक वजनी ठोकळा हलतो आणि तो चापाला दुसऱ्या नळीशी जोडून देतो. धक्का पुरेसा नसेल तर जोडणी होत नाही. 28 ग्रॅमला माझी बंदूक सेकंदाला 3.7 मीटरने मागे येत होती. 21 ग्रॅम आणि वाढीव वजन मिळून तो वेग 2.4 वर आला होता. मी खांदा वाचवला आणि ठोकळा उपाशी ठेवला! घरी डमी काडतुसं घालून तपासलं. पहिला चाप ओढायचा, दस्त्याच्या टाचेवर तळहात मारायचा, दुसरा ओढायचा. हलक्या हाताने मारलं की दुसरा मेलेला, जोरात मारलं की जिवंत.

मेकॅनिकल चापाला ही अडचण येत नाही, तो धक्क्यावर अवलंबून नसतो. सेमी-ऑटोवाल्यांनी (बारानंतर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी बंदूक असलेल्यांनी) मात्र सावध राहावं. तिथे हलक्या काडतुसाने पुढचं काडतूस चढतच नाही अशी वेळ येते.

साठा संपवण्याऐवजी मधला मार्ग म्हणून त्याच गृहस्थांकडे, त्यांच्या परवान्यावर आणि त्यांच्या देखरेखीखाली, मवाळ वेगाची 24 ग्रॅमची काडतुसं हाताने भरून पाहिली. वाटलं होतं चार पैसे वाचतील. काडतुसं वाचली, वेळ गेला. छर्रे कमी झाले की कवचात पोकळी राहते. ती उंच पायाच्या वॅडने भरली नाही तर तोंडाची घडी आत खचते, दाब बसत नाही, दारू अर्धवट जळते. थंड सकाळी ते जास्त जाणवतं. आमच्या पहिल्या खेपेत दोन बार 'भस्स' झाले आणि नळीत न जळलेले कण सापडले. असा आवाज आला की थांबून नळीतून आरपार बघायचंच, वॅड अडकलेला असू शकतो. आणि धक्का कमी म्हणजे दाब कमी, हा समज डोक्यातून काढा. थोड्या छऱ्यांमागची भराभर जळणारी दारूही दाब भरपूर चढवते. दारू उत्पादकाच्या छापील तक्त्यातलं कवच, टोपी, वॅड, दारू आणि वजन जसंच्या तसं घ्यायचं. एकाच्या जागी दुसरं चालवायचं नाही. मापाच्या बुशिंगवर (दारू मापून टाकणाऱ्या नळकांडीवर) विसंबायचं नाही, भरलेली दारू काट्यावर तोलायची. हे सगळं निगुतीने करायला मला एका बैठकीत पन्नासच जमली.

आता कारखान्याची 24 ग्रॅम वापरते, मध्यम वेगाची. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) स्पर्धेत मर्यादाच 24.5 ग्रॅमची आहे, तेव्हा सरावही त्याच वजनाचा होतो. दस्त्यातलं वजन काढलं, त्याऐवजी मऊ पॅड बसवला आणि दस्त्याची लांबी नीट करून घेतली. गालाला बसणारा फटका त्यानेच गेला, तो काडतुसाने कधी गेला नव्हता. दुसरी नळी त्यानंतर एकदाही रुसलेली नाही.

21 ग्रॅमची उरलेली खोकी एकेरी बाराच्या सरावाला काढते, नळीत एकच काडतूस घालून. त्या कामाला मला यापेक्षा चांगलं काडतूस मिळालेलं नाही.