मॅडिसन नदीवरील ट्राउट: होडीतून आणि काठावरून

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील मॅडिसन नदीवर ट्राउट मासे पकडायला मी एक दिवस वाटाड्यासह ड्रिफ्ट बोट घेतली आणि दुसरा दिवस काठाने, गुडघाभर पाण्यात उतरून घालवला. सपाट तळाची ही होडी प्रवाहाच्याच वेगाने सरकते, त्यामुळे गळाला आमिष म्हणून लावलेली कृत्रिम माशी दोरीच्या ओढीने न फरफटता बराच वेळ सहज वाहत राहते. काठावरून हेच साधायला दोरी पुन्हा पुन्हा उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकावी लागते. नवशिक्याला होडी निश्चितच सोपी जाते. मात्र चांगली जागा दिसेपर्यंत मागे पडत होती, आणि दोनदा विनंती करूनही वाटाड्याने नांगर टाकला नाही, हे मला फार खटकले. काठावर एका शिळेमागच्या संथ पाण्याशी मी अर्धा तास उभी होते. अखेर लाल ठिपक्यांचा ब्राउन ट्राउट गळाला लागला आणि ओल्या हातांनी, पाण्यातच धरून मी तो सोडून दिला. 1959च्या भूकंपाने बनलेल्या क्वेक लेकपासून लायन्स ब्रिजपर्यंत तर होडीत बसून मासेमारीला मनाईच आहे. तिथे होडीने जाता येते, पण गळ टाकण्यासाठी खाली उतरावेच लागते. माझी पसंती याच टप्प्याला आहे.