पुनर्विकास: विकसकाकडून की स्वतः?

मुंबई उपनगरातील म्हाडा वसाहतीतल्या आमच्या ३२ घरांच्या सोसायटीने दोन्ही वाटा पाहिल्या. पहिल्या वाटेवर जवळजवळ दीड वर्ष चाललो आणि मग माघारी फिरून दुसरी धरली, त्यामुळे हे लेखन तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही. कार्पेट (घराच्या आतले वापरायचे क्षेत्रफळ), कॉर्पस (विकसकाकडून मिळणारी ठोक रक्कम) आणि भाडे यांचे तक्ते प्रत्येक सोसायटीत फिरतच असतात. त्यांत शिरत नाही.

विकसक नेमला की पैशाची जोखीम त्याची (सभासदांखेरीजची जादा घरे विकून तो खर्च भरून काढतो) आणि महापालिका-म्हाडाचे उंबरठे झिजवण्याचे कामही त्याचे, ही सोय लहान नाही. सहकार कायद्याच्या कलम '७९अ'खाली राज्य सरकारने ४ जुलै २०१९ रोजी दिलेल्या निर्देशांमुळे एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती, सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या प्रतिनिधीची उपस्थिती, सभेचे चित्रीकरण असे संरक्षणही मिळते. मात्र सभासदाच्या शब्दाला किंमत असते ती विकसकाची निवड होईपर्यंत, असा निदान आमचा अनुभव आहे.

ज्या नकाशाला आम्ही हात वर करून मान्यता दिली, त्यात स्वयंपाकघराची खिडकी मोकळ्या बाजूला होती. पाच महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी विकसकाच्या कचेरीत गेलो असता टेबलावर सुधारित नकाशा दिसला, आणि त्यात तीच खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या अरुंद पोकळीत, उघडत होती. विचारले तेव्हा उत्तर आले, "विक्रीच्या घरांची मांडणी बदलली, साहेब. तुमचं कार्पेट एक फूटही कमी झालेलं नाही." तेही खरेच होते.

दुसऱ्या वाटेवर, म्हणजे विकसकाविना सोसायटीनेच करायच्या स्वयंपुनर्विकासात, आमच्या वास्तुविशारदाने इमारतीमागच्या मोकळ्या जागेत एक संपूर्ण घर खऱ्या मापात चुन्याने आखून दिले. पहिल्या मजल्यावरच्या आजी वॉकर घेऊन त्या रेघांमधून फिरल्या आणि न्हाणीघराच्या दाराशी थांबून म्हणाल्या, "इथून हा जायचा नाही." दार सहा इंचांनी रुंद झाले, बाजूचे कपाट तेवढेच आकसले. हा बदल करायला आम्हाला कोणाची मनधरणी करावी लागली नाही.

याची किंमतही मोजावी लागते. १३ सप्टेंबर २०१९ च्या शासननिर्णयाने स्वयंपुनर्विकासाला १० टक्के वाढीव चटईक्षेत्रासह (बांधकामाच्या परवानगीचे क्षेत्र) काही सवलती दिल्या, मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक अशा प्रकल्पांना कर्जही देते. परंतु ते फेडायचे विक्रीच्या घरांतून, आणि ती खपेपर्यंत व्याजाचा आकडा समितीची झोप उडवतो. शिवाय विक्रीची घरे बांधायची म्हटले की महारेरापुढे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणापुढे, प्रवर्तक म्हणून सोसायटीच उभी राहते. फरशीच्या रंगावर आमच्या तीन सभा खर्ची पडल्या. त्यांतल्या एकीत चहा दोनदा झाला, ठराव एकही नाही.

म्हणून ज्या सोसायटीत हिशेब बारकाईने वाचणारा आणि दुपारी कचेऱ्यांत जाऊ शकणारा एकही सभासद नाही, तिने विकसकाकडेच जाणे कदाचित शहाणपणाचे ठरेल. तरीही सभासदांच्या घरांच्या दारे-खिडक्यांसह मांडणीतील कोणताही बदल सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय मंजुरीसाठी पाठवू नये, असे कलम विकसन करारनाम्यात घालून घ्यावे. आमच्या मसुद्यातले बाकी सारे विकसकाने मान्य केले होते. हे एवढे कलम मात्र त्याने लाल शाईने खोडून परत पाठवले.