बाहुला की कार्टून : १९४१ आणि १९४८ चे दोन उडते नायक

कॉमिक्सवरून बेताच्या खर्चात काढलेले सुरुवातीचे सुपरहिरोपट पाहायचे असतील आणि सवड एकाच मालिकेपुरती असेल, तर निवड रिपब्लिक स्टुडिओच्या ‘ॲडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल’ (१९४१) आणि कोलंबिया स्टुडिओच्या ‘सुपरमॅन’ (१९४८) यांच्यात करावी. १९४३ ची ‘बॅटमॅन’ मालिका युद्धकाळातल्या जपानद्वेषाने इतकी बरबटलेली आहे की ती मी विचारातच घेत नाही. या मालिका चित्रपटगृहांत दर आठवड्याला एक भाग अशा दाखवल्या जात; पहिलीचे भाग १२, दुसरीचे १५.

खरा फरक उडण्यात आहे. रिपब्लिकसाठी हॉवर्ड आणि थिओडोर लायडेकर या बंधूंनी माणसाहून थोडा मोठा, कागदाच्या लगद्याचा बाहुला बनवून तो तारांवरून सोडला. झेप घेताना डेव्हिड शार्प हा कसलेला स्टंटमन, आकाशात बाहुला आणि जमिनीवर पुन्हा माणूस, हे तुकडे इतक्या सफाईने जोडले आहेत की, गुपित ठाऊक असूनही नजर फसते. कारण त्या बाहुल्याच्या अंगावर खरेखुरे ऊन पडलेले असते. कोलंबियाच्या मालिकेत मात्र सुपरमॅन झालेला कर्क ॲलिन उडण्याचा पवित्रा घेतो आणि पुढच्याच क्षणी त्याच्या जागी हाताने काढलेले कार्टून उडू लागते. तिथे माझा तरी रस दर वेळी तुटतो.

रहस्यातही पहिलीच सरस आहे. मुखवट्याआडचा खलनायक ‘स्कॉर्पियन’ कथेतल्या संशोधकांपैकी नेमका कोण, हे शेवटपर्यंत झाकलेले राहते, तर ‘सुपरमॅन’मधली खलनायिका ‘स्पायडर लेडी’ समोरच बसून हुकूम सोडते. अभिनयात मात्र ॲलिनचा क्लार्क केंट आणि नोएल नीलची लोइस लेन अधिक जिवंत वाटतात. कॅप्टन मार्व्हल झालेल्या टॉम टायलरच्या वाट्याला संवादच थोडे आहेत.

मुलांसोबत पाहणार असाल, तर ‘सुपरमॅन’ घ्यावा. कॅप्टन मार्व्हल पळणाऱ्या शत्रूंवर मशीनगन चालवतो, आणि कथेतल्या सयामच्या (आजच्या थायलंडच्या) लोकांचे चित्रणही आज खटकते. एकट्याने पाहायचे असेल, तर मी १९४१ चीच मालिका सुचवेन, पण रोज एकच भाग पाहावा. सलग पाहिल्यास प्रत्येक भागाच्या आरंभी मागच्याचा शेवट पुन्हा दाखवला जातो, त्याचा कंटाळा येतो. पहिले दोन भाग पाहूनही गोडी लागली नाही, तर उरलेले दहा खुशाल सोडून द्यावेत.