हबमार्गे एकच तिकीट, की सुटी तिकिटे?

एका खिडकीत स्वस्त विमान कंपनीचे भाडे आणि दुसऱ्या खिडकीत पारंपरिक कंपनीचे भाडे, असे दोन आकडे समोर ठेवून जे विचारात पडले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. पायांना जागा किती मिळते, खायला काय देतात, बॅगेचे पैसे वेगळे पडतात का, या गोष्टी वाचकांना ठाऊक आहेत असे धरून चालतो. शिवाय या बाबतीतला फरक आता फार उरलेलाही नाही, कारण पारंपरिक कंपन्यांनीही सर्वांत कमी भाड्याच्या वर्गातून एकेक सोय काढून घेतली आहे. खरा फरक उड्डाणमार्गांच्या जाळ्याच्या रचनेत आहे, आणि तो तिकीट काढताना नव्हे, तर बेत बदलावा लागला की जाणवतो.

पारंपरिक कंपनीचे सगळे गणित हबभोवती, म्हणजे प्रवासी जिथे एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसतात त्या मध्यवर्ती विमानतळाभोवती, फिरते. चाळीस शहरे एकमेकांशी थेट जोडायची म्हटली तर ७८० मार्ग चालवावे लागतात. तीच शहरे मध्यवर्ती हबला जोडली तर ४० मार्गांत काम भागते, आणि ज्या दोन गावांच्या दरम्यान दिवसाला जेमतेम पाच-सहा प्रवासी असतात, त्यांचीही सोय होते. मात्र त्यासाठी विमाने लाटांसारखी आणावी लागतात. तास-दीड तासात ती चहूकडून उतरतात, प्रवासी आणि बॅगा इकडच्या तिकडे होतात, आणि मग सगळी पाठोपाठ उडतात. दोन लाटांच्या मधल्या वेळात विमानतळ ओस पडतो, पण माणसांचा पगार आणि गेटचे भाडे चालूच राहते.

स्वस्त कंपन्यांनी नेमका हा मोकळा वेळ मोडीत काढला. साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीने १९७१ साली टेक्सास राज्यापुरती सेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी पैशांच्या ओढाताणीत चारपैकी एक विमान विकावे लागले, आणि उरलेल्या तीन विमानांत चारांचे वेळापत्रक बसवण्यासाठी जमिनीवरचा मुक्काम दहा मिनिटांवर आणला गेला. अमेरिकेत १९७८ साली मार्ग आणि भाडे यांवरचे सरकारी नियंत्रण उठले, युरोपात ते नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्याने उठले, आणि रायनएअर, ईझीजेट यांनी हीच पद्धत तिकडे रुजवली. कोणाची वाट पाहायची नाही, म्हणून लाट नाही. (साउथवेस्ट स्वतः मधे विमान बदलायच्या प्रवासाचेही तिकीट विकते, तेव्हा सगळ्या स्वस्त कंपन्यांना एकाच मापाने मोजू नये.)

आता माझ्यापुरता निकाल ज्या एका कटकटीने लावला, तिच्याकडे येतो. एका लहान शहरातून हबमार्गे दूरच्या शहरी जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, असे एका पारंपरिक कंपनीचे जाण्यायेण्याचे तिकीट मी काढले होते. आयत्या वेळी आदल्या दिवशी काम निघाले तेही नेमके हबच्याच शहरात, म्हणून मी तिथे रेल्वेने गेलो आणि दुसऱ्या दिवशी थेट दुसऱ्या टप्प्याचे विमान पकडायचे ठरवले. पहिल्या टप्प्याची जागा रिकामी सोडून आपण कंपनीचा भारच हलका केला, अशी माझी भाबडी समजूत होती. विमानतळावरच्या यंत्रात आरक्षणाचा क्रमांक तीनदा टाकला, आणि तिन्ही वेळा ‘आरक्षण सापडत नाही’ असेच उत्तर आले. काउंटरवरच्या बाईंनी अत्यंत सौजन्याने पडदा माझ्याकडे वळवून दाखवला: पहिला टप्पा गैरहजर, म्हणून दुसरा रद्द, आणि दुसरा रद्द म्हणून आठ दिवसांनंतरचे परतीचे दोन्ही टप्पेही रद्द. विमान समोर उभे होते, त्यात जागाही होत्या, आणि त्यातली एक त्या दिवशीच्या भावाने विकत घ्यायला माझी हरकत नसेल तर त्यांचीही नव्हती.

हा नियम अटींमध्ये लिहिलेला असतो, त्यामुळे फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. मात्र तो का आहे हे कळल्यावर माझा राग कमी होण्याऐवजी वाढला. हबच्या शहरातून थेट निघणाऱ्या प्रवाशाला बहुधा त्याच कंपनीवाचून सोय नसते, म्हणून त्याच्याकडून जास्त भाडे घेता येते. उलट लहान शहरातून त्या हबमार्गे जाणाऱ्याला दुसऱ्या कंपनीच्या दुसऱ्या हबमार्गेही जाता येते, म्हणून त्याला भाव उतरवून द्यावा लागतो. परिणामी लांबचे दोन टप्प्यांचे तिकीट कधीकधी त्यातल्या एका टप्प्याच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडते. कोणी एखादा टप्पा सोडून या फरकाचा फायदा घेऊ नये, म्हणून हा नियम. अशी तिकिटे शोधून देणाऱ्या स्किपलॅग्ड या संकेतस्थळाच्या संस्थापकावर युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीने २०१४ साली खटलाही भरला होता. याउलट स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आयबेरिया या तिथल्या विमान कंपनीच्या करारातले असे कलम ग्राहकांवर अन्याय करणारे ठरवले, पण तो दिलासा सगळीकडे मिळत नाही. अर्धी थाळी खाल्ली म्हणून उद्याचे जेवण बंद करण्याचा अधिकार खानावळीला नसतो. विमान कंपनीला तो आहे, एवढेच नोंदवतो.

स्वस्त कंपनीत हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही, कारण तिथे प्रत्येक उड्डाण सुटे विकले जाते. जाणे चुकले तरी येणे शाबूत राहते. एकमार्गी तिकीट परवडण्याजोगे झाले तेही मुख्यतः या कंपन्यांमुळेच. त्याआधी पारंपरिक कंपनीचे स्वस्त भाडे हवे असेल, तर परतीचे तिकीट काढून शनिवारची रात्र तिकडेच घालवण्याची अट असे, म्हणजे कामासाठी प्रवास करणारा माणूस आपोआप महागड्या भाड्यात सापडे.

तरीही दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. दोन सुटी तिकिटे काढून आपणच जोडप्रवास घडवायचा म्हटला, तर पहिले विमान उशिरा आल्याची दुसऱ्याला फिकीर नसते. बॅग घ्यायची, बाहेर पडायचे, पुन्हा रांगेत उभे राहायचे, आणि काउंटर बंद झाला असेल तर नशिबाला दोष द्यायचा. एकाच तिकिटावर हेच घडले तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. युरोपीय संघात २००४ च्या नियमानुसार भरपाई मिळते, आणि २०१३ साली तिथल्या न्यायालयाने असेही स्पष्ट केले की पहिल्या टप्प्याचा उशीर किरकोळ असला तरी अंतिम ठिकाणी तीन तास किंवा त्याहून उशिरा पोहोचणारा प्रवासी भरपाईला पात्र ठरतो. लांब पल्ल्याच्या प्रवासात ही हमी मोलाची आहे, आणि तिथे मीही पारंपरिक कंपनीच निवडतो. विमानतळांच्या नावांबाबतही सावध असावे: ‘फ्रँकफुर्ट-हान’ हा विमानतळ फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटर दूर आहे, आणि तिथून शहरात येण्याचा वेळ भाड्याच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

निवड करताना आपल्या शहराचा कोणत्या कंपनीवर किती भरवसा आहे, हेही पाहावे. हब म्हणजे शहराला मिळालेली कायमची सनद नव्हे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गने १९९२ साली यूएस एअरवेज या कंपनीच्या गरजेप्रमाणे प्रचंड टर्मिनल उभारले, आणि २००४ साली कंपनीने तिथला हबच काढून घेतला. तिकडच्याच सेंट लुईसमध्ये टीडब्ल्यूए ही विमान कंपनी विकत घेणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सने २००३ साली उड्डाणे छाटली; पुढे साउथवेस्ट ही तिथली सर्वांत मोठी कंपनी झाली. बुडापेस्टमध्ये फेब्रुवारी २०१२ मध्ये मालेव ही हंगेरीची पारंपरिक कंपनी बंद पडली तेव्हा विझ एअर आणि रायनएअर या स्वस्त कंपन्यांनी जागा भरायला फार वेळ लावला नाही, मात्र मालेवच्या लांबच्या जोडप्रवासाची भरपाई त्यांनी केली नाही, कारण ते त्यांचे कामच नव्हे. स्वस्त कंपनीचा पायही तसा हलकाच असतो: रायनएअर २०१७ साली थेट लुफ्तान्सा या पारंपरिक कंपनीच्या हबमध्ये, म्हणजे फ्रँकफुर्टच्या मुख्य विमानतळावर शिरली आणि २०२२ साली शुल्कवाढीचे कारण देऊन निघूनही गेली.

पारंपरिक कंपन्यांनी स्वतःच्या स्वस्त उपकंपन्या काढूनही पाहिल्या. डेल्टाची साँग २००३ ते २००६ आणि युनायटेडची टेड २००४ ते २००९ एवढीच टिकली, तर ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासची जेटस्टार २००४ पासून अजून उडते आहे. पहिल्या दोघींमध्ये नाव आणि रंग नवा होता, पण खर्च बव्हंशी जुन्याच घराचा होता, असे मला वाटते. जाणकारांचे मत वेगळे असू शकते.

तेव्हा थेट उड्डाण असेल आणि बेत बदलण्याची थोडीही शक्यता असेल, तर माझा कौल नम्रपणे स्वस्त कंपनीकडे आहे. मधे विमान बदलायचे असेल आणि पहिल्या गावापासून शेवटच्या गावापर्यंत ठरल्याप्रमाणेच जाणार असाल, तर हबमार्गे एकच तिकीट काढावे. पारंपरिक कंपनीने जायचे झाले तरी मी आता जाण्याचे आणि येण्याचे तिकीट वेगवेगळे काढतो. त्यात कधी चार पैसे जास्त जातात, पण एका बाजूची गैरहजेरी दुसऱ्या बाजूला लागत नाही.