डावीकडची पहिली नळी: निक्सी कॅल्क्युलेटरचे नऊ महिने आणि आता विक्री

गेल्या आठवड्यात 125 मध्ये 75 मिळवले आणि उत्तर आलं 190. पुन्हा केलं, तेच. हातचा पुढे जातच नाहीये. ज्याच्यावर नऊ महिने रोजचा हिशेब केला तो टेबलावरचा जुना कॅल्क्युलेटर, ज्यात आकडे काचेच्या निक्सी नळ्यांत उजळतात, आता 'सुट्या भागांसाठी किंवा दुरुस्तीसाठी' विकायला काढतोय.

मीही तो याच शब्दांत घेतला होता. विकणाऱ्याने लिहिलं होतं, 'तपासलेला नाही'. झाकण उघडलं तर फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली. म्हणजे कोणीतरी तो लावून पाहिला होता आणि ते लपवलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. अनेक वर्षं बंद पडलेलं यंत्र थेट मेन्सला लावायचं नसतं. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकलेले असतात, शॉर्ट होतात आणि ट्रान्सफॉर्मरही सोबत नेतात. मी पॉवर सप्लायचे सगळे कपॅसिटर बदलले, योग्य फ्यूज बसवला, सिरीज बल्ब लावून, म्हणजे दोष असला तरी जास्त करंट जाऊ नये म्हणून मध्ये बल्ब जोडून, चालू केला. बाराही नळ्या नारिंगी उजळल्या.

बटणांबद्दल तक्रार नाही. आत रीड स्विच, म्हणजे चुंबकाने जुळणारे स्विच आहेत, दाबताना मऊ लागतात, एकही अडकलं नाही.

खरा त्रास डावीकडच्या पहिल्या नळीचा. निक्सी नळीत दहा आकडे पातळ धातूचे, एकामागे एक उभे असतात. सुमारे 170 व्होल्ट मिळाले की हवा तेवढाच आकडा निऑनमध्ये चमकतो. या यंत्रात रकमेच्या डावीकडची रिकामी शून्यंही दिसतात, त्यामुळे त्या नळीने वर्षानुवर्षं फक्त 0 दाखवला. पेटलेल्या आकड्यावरून उडणारा धातू न पेटणाऱ्या आकड्यांवर बसत गेला. तिथला 3 खालून अर्धाच उजळायचा. बारा आकडी रक्कम मी कधी करतच नाही, तरी तो अर्धा 3 मला सहन होईना. नळी बदलायचीच, असं ठरवलं होतं. मग रोज संध्याकाळी बारा वेळा 3 दाबून यंत्र तसंच पेटतं ठेवू लागलो. दुसऱ्या महिन्यात वरची कड दिसू लागली, सहाव्या महिन्यात आकडा पूर्ण झाला. नवी नळी घ्यावी लागली नाही.

आणि आता हा हातचा. सप्लायचे व्होल्टेज बरोबर आहेत, सोल्डरचे सांधे पुन्हा तापवून पाहिले. दोष गणिताच्या चिपमध्ये आहे. ती कॅल्क्युलेटरच्या कंपनीने स्वतःसाठी करून घेतलेली, बाजारात मिळत नाही.

पहिला विचार नळ्या काढून वेगळ्या विकायचा होता. निक्सी नळ्यांची घड्याळं बनवणारे त्या लगेच घेतात आणि पैसेही जास्त येतात. पण माझी चिप गेली तशी दुसऱ्या कोणाच्या यंत्रात नळी गेलेली असेल, बटण तुटलेलं असेल. त्याला याच मॉडेलचा भाग लागेल, आणि तो फक्त अशाच दुसऱ्या यंत्रातून मिळतो. मलाही चिपसाठी तेच शोधावं लागलं असतं. त्यामुळे अख्खा देतोय, मूळ वायरसकट. तिचा पिनचा आकार वेगळा आहे, ती हरवली तर नवी सापडत नाही.

वर्णनात लिहिलंय: चालू होतो, बाराही नळ्या पेटतात, बेरजेत हातचा जात नाही, कपॅसिटर बदललेले. फोटो दोन आहेत, एक 125 अधिक 75 चा आणि एक बारा 3 चा. पाठवताना ट्रान्सफॉर्मरखाली फोम घालणार, कारण धक्क्याने तोच सुटून प्लास्टिकची बॉडी फोडतो. फक्त नळ्या मागणाऱ्या दोघांना नाही म्हटलंय.